खाऊनपिऊन सुखी

बाजारातला हापूस उतरणीला लागला की रत्नागिरीत आगोट, म्हणजे पावसाआधीची लगबग, सुरू होते. पाऊस आलेला नसतो, पण येणार म्हणून सगळं घर त्याच्या धाकात वावरत असतं. अंगणात शेवटची वाळवणं, पडवीत रचलेली लाकडं, डब्यात भरलेल्या सुक्या मासळीचा कपड्यांना लागलेला वास, आणि भेटेल त्याला विचारायचा एकच प्रश्न: कौलं चाळून झाली का? आता कौलं फारशी उरली नाहीत, पत्रे आणि स्लॅब आले, तरी प्रश्न उरलाय. ऊन उन्हाळ्याचं, ढग पावसाळ्याचे आणि घाम दोघांचा. या पंधरवड्याला ऋतूंच्या यादीत नाव नाही, धड या ऋतूत नाही की त्या ऋतूत नाही. त्यामुळे तो मला कायम आमच्याच घरातला वाटत आला आहे.

याच दिवसांत बारावीचा निकाल लागतो आणि गावात गुणवंतांच्या सत्काराचे फलक उगवतात. यंदाही आमच्या नाक्यावर एक उगवलाय. वरच्या बाजूला अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार आणि "विशेष सहकार्य" यांचे हसरे चेहरे आहेत. कोणाचा चेहरा केवढा, हे बहुधा सहकार्याच्या प्रमाणात ठरलं असावं. खाली, वाहनं जिथे चिखल उडवणार आहेत त्या उंचीवर, गुणवंतांचे फोटो आहेत, मोहरीएवढे. अभ्यास त्यांनी केला आणि अभिनंदन वरच्यांचं चाललंय असं दिसतं. आणि मधोमध ठळक अक्षरांत: "गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी."

यातले पहिले तीन शब्द मी लहानपणापासून वाचतो आहे. ते कधी सुटे येत नाहीत. नुसता गरीब असेल तर त्याला कोणी फलकावर घेत नाही आणि नुसत्या होतकरूला मदतीची गरज नसते. दोन्ही असावं लागतं, आणि ते बघताक्षणी दिसावं लागतं. आमच्या घराचं घोडं इथेच पेंड खात असे.

मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी एका तासाला "कनिष्ठ मध्यमवर्ग" ही संज्ञा येते. पुस्तकात तिला एक परिच्छेद आहे. कारकून, प्राथमिक शिक्षक, छोटे दुकानदार, ज्यांचं उत्पन्न ठरलेलं आणि खर्च न ठरलेला. मग मी वर्गाला विचारतो, "तुमच्यापैकी कनिष्ठ मध्यमवर्गीय कोण?" एकही हात वर येत नाही.

"मग तुम्ही कोण?"

"मिडल क्लास, सर," राजापूरकडचा एक मुलगा गेल्या वर्षी म्हणाला. त्याच्या घरच्या आंब्याकाजूच्या बागा मला माहीत होत्या.

"आणि तुम्ही?" मी मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलं. तिची आई चार घरची धुणीभांडी करते.

"मिडल क्लासच, सर."

"म्हणजे तुम्ही दोघं एकाच वर्गात?"

"हो सर," ती शांतपणे म्हणाली, "एफवाय बी.ए."

सगळे हसले. मीही हसलो. तिचं उत्तर माझ्या परिच्छेदापेक्षा बरं होतं.

सरकार कनिष्ठ म्हणतं आणि अभ्यासक निम्न म्हणतात. दोघांत मला सरकार अधिक दयाळू वाटतं, कारण कनिष्ठ माणसाला निदान बढतीची आशा असते. माझे वडील एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होते आणि ही आशा त्यांनी नोकरीची बरीचशी वर्षं जपली. रेशनकार्ड आलं तेही केशरी. पिवळं गरिबांचं, पांढरं सुखवस्तूंचं आणि मधलं आमचं. केशरी कार्डावर काय मिळतं ते दुकानदाराला विचारावं लागे, आणि काय मिळत नाही ते तो न विचारता सांगे.

पण हे कागदावरचे शब्द झाले. घरात आमचा आमचा वेगळा कोश होता. त्यात गरिबी हा शब्दच नव्हता. परिस्थिती होती, आणि ती बेताची होती. ओढाताण होती, पण ती "सध्या" होती. "सध्या जरा ओढाताण आहे" हे वाक्य आई इतक्या सहज म्हणायची की पुढच्या महिन्यात ती संपणारच आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. तो "सध्या" बाबांच्या नोकरीएवढा टिकला. आणि या सगळ्या कोशावर शिक्का मारावा तसं एक वाक्य बाबांचं होतं. कोणी विचारलं, काय, कसं काय चाललंय, की ते म्हणत, "देवदयेनं खाऊनपिऊन सुखी आहोत." कनिष्ठ मध्यमवर्गाची याहून चोख व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. खाणंपिणं होतं, त्यापुढचं काही होत नाही, आणि त्यालाच सुख म्हणायचं असं ठरलेलं आहे.

आम्ही आंबा खायचो तो डागी. बागायतदाराकडून पेट्या भरून मुंबईला गेल्या की डाग पडलेला माल बाजूला निघतो, तो ओळखीने मिळतो. आई विळीवर बसून डाग कापून टाकायची आणि म्हणायची, "आतला गर तोच. मुंबईकरांनी तरी सालं थोडीच खाल्लीत?" घर दोन खोल्यांचं, चिऱ्याच्या भिंतींचं, भाड्याचं. गणपतीच्या आधी त्याला रंग लागायचा, पण दारातून जी भिंत दिसते तेवढीच रंगायची. बाकीच्या तीन भिंतींना पाहुणा बसल्यावर पाठ करायचा, त्यामुळे त्यांचं भागायचं. पाहुण्यांची चादर वेगळी, पाहुण्यांचे पेले वेगळे. मला पुष्कळ दिवस वाटायचं की आमचं खरं घर पाहुण्यांचं आहे आणि आम्ही त्यात राखणदार म्हणून राहतो.

अशाच एका आगोटीत माझी धाकटी बहीण वसू बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला रसायनशास्त्राचं वेड होतं. आमसुलाच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ती त्याचा रंग पालटून दाखवायची, आणि आई ओरडायची, "अगो, आमसुलं काय झाडाला लागतात?" "झाडालाच लागतात, आई," वसू म्हणायची, आणि पाठीत धपाटा खायची. मुंबईच्या एका चांगल्या कॉलेजात रसायन अभियांत्रिकीला तिला प्रवेश मिळणार हे गुणांवरून स्पष्ट होतं. फी सवलतीत बसत होती. अडलं होतं ते राहण्याचं. मुंबईत मामा होता, पण त्याच्या खोलीत त्याचीच मुलं आळीपाळीने पाय पसरत होती.

आमच्या भागातल्या मुंबईकर मंडळींचं एक शिक्षणोत्तेजक मंडळ होतं. त्यांचं मुलींचं वसतिगृह होतं आणि त्यात काही जागा मोफत असत, अर्थात गरीब व होतकरू मुलींसाठी. होतकरूपण गुणपत्रिकेवरून कळे. गरिबी बघायला मंडळाचे पदाधिकारी स्वतः घरी येत. त्याला गृहभेट म्हणत. या गृहभेटी नेमक्या आंब्याच्या शेवटी शेवटी निघत आणि त्यांच्या आधी किंवा नंतर गणपतीपुळ्याचं दर्शन होई, हा मी योगायोग समजतो.

रविवारी सकाळी येतो, असा निरोप आला, आणि घरात जी धावपळ सुरू झाली तशी गणपतीलाही होत नसे. भिंतीला रंग द्यायला वेळ नव्हता म्हणून आईने ती पुसून काढली. मग ती शेजारी मयेकर काकूंकडे गेली. काकूंचे यजमान बोटीवर होते, वर्षातून एकदा यायचे आणि देशोदेशीच्या वस्तू टाकून जायचे. काकूंच्या कपाटात जपानी कपबश्या होत्या, त्यातून चहा प्यायलेला कोणी पाहिला नव्हता.

"ने गो, ने," काकू म्हणाल्या. "नुसतं पडून आहे माझ्याकडे. हे बोटीवरनं आणतात नि मी पुसून ठेवते. आमच्याकडे कोण येतंय बघायला? आणि तो उभा पंखापण ने. माणसं मुंबईची, घामाघूम व्हायची. टेबलावरचं कापड आहे, ते बघ, त्याच्यावर हंस आहेत."

आईने आढेवेढे घेतले, मग हंसही घेतले. उभा पंखा मी उचलून आणला. तो एवढा मोठा होता की आमच्या पुढच्या खोलीत तोच यजमान वाटायला लागला. काकूंनी मागोमाग एक गालिचाही पाठवला.

वसू दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, ते आपली गरिबी बघायला येतायत ना?"

बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "बघायला येतायत म्हणून काय ती मांडून ठेवायची?"

"मांडू नका, पण झाकूही नका. एवढं सगळं बघून ते कशाला देतील जागा?"

"गुणपत्रिका बघून देतील. आणि कसल्या घरातली मुलगी आहे ते बघून देतील." बाबांनी गाल फुगवला, वस्तरा फिरवला. "माणूस चांगल्या घरातल्याला मदत करतो, वसू. उघड्यावागड्या घराकडे बघून लोक हळहळतात आणि निघून जातात."

"चांगलं घर शेजारचं आहे."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "आणि तो नवा ड्रेस घाल."

आज मागे बघताना मला आईबाबांचा पोकळपणा दिसत नाही, म्हणूनच राग नीट येत नाही. बाबांचा एक जुना समज होता. पाहुण्याला आपली अडचण दाखवणं म्हणजे पाहुण्यालाच अडचणीत टाकणं. आलेल्या माणसाला संकोच होऊ नये म्हणून घरचं उणं झाकायचं, हे त्यांना सौजन्य वाटे. त्यात लाज नव्हती असं नाही. पण लाज कुठे संपते आणि पाहुणचार कुठे सुरू होतो, हे आमच्या वर्गाला कधी कळलेलं नाही. दोन्हीला एकच कपबशी लागते.

ते आले. अध्यक्ष म्हणून एक सफारीतले स्थूल गृहस्थ होते, चिटणीस म्हणून एक बारीक गृहस्थ होते, आणि एक बाई होत्या, त्या गाडीच्या प्रवासाने दमल्या होत्या आणि उभ्या पंख्यासमोर बसून त्यांना फार बरं वाटलं. तसं त्या म्हणाल्याही. आईने आमरस दिला. तो डागी आंब्यांचा नव्हता, बाबांनी आदल्या दिवशी पेटी आणली होती. त्यामागून आंबापोळी, काजू, मग जपानी कपातून चहा. वसू ट्रे घेऊन येत होती, जात होती. मुलगी बघायला पाहुणे यावेत तसं ते दिसत होतं, फक्त नवरा मुलगा तेवढा नव्हता.

बाबांनी गप्पा उत्तम रंगवल्या. रत्नागिरीच्या बंदराची हकीकत सांगितली, कुळकायद्यावर मत दिलं, अध्यक्षांच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार कसा व्हायला हवा होता तेही सांगितलं. अध्यक्ष खूश होते. चिटणीस मात्र कामाचे होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "बरं, आता मुद्द्याचं. तुमची अडचण नेमकी काय आहे?"

मी बाबांकडे बघत होतो. वसू स्वयंपाकघराच्या दारात ट्रे छातीशी धरून उभी होती. पंखा गरगरत होता. मला वाटतं क्षणभर बाबांनी वाक्याची जुळवाजुळव केली. पण ज्या वाक्याची जिभेला सवयच नाही ते ऐन वेळी येत नाही. जे रोज येत होतं तेच आलं.

"अडचण अशी काही नाही. देवदयेनं खाऊनपिऊन सुखी आहोत."

"वा," अध्यक्ष म्हणाले.

"घर किती छान ठेवलंय वहिनींनी," बाई म्हणाल्या.

चिटणिसांनी गालिच्याकडे बघितलं. निघताना आईने उरलेल्या आंब्यांची पेटी गाडीत ठेवली, कारण मुंबईला जाणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं.

गाडी वळणाआड गेल्यावर आई म्हणाली, "चांगली वाटली माणसं."

"फार सुसंस्कृत," बाबा म्हणाले.

वसू कपबश्या धुवायला गेली होती. ती त्या एकेक करून इतक्या सावकाश धूत होती की कोणालाही वाटावं तिला फुटण्याची भीती आहे. मग त्या घेऊन ती काकूंकडे गेली. काकूंनी विचारलं, "काय गो, काय म्हणाले?"

"पंखा आवडला त्यांना," वसू म्हणाली.

निर्णय आम्हाला मंडळाच्या सत्काराच्या कार्यक्रमात कळला. असे कार्यक्रम मी पुढे पुष्कळ पाहिले, पण तो सगळ्यांचा बाप होता. समई पेटेना म्हणून पंखे बंद करण्यात आले, आणि मग पाहुण्यांचा परिचय सुरू झाल्याने ते चालू करायचं राहून गेलं. परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोठा होता आणि दोन्ही ऐकून पाहुण्यांबद्दल काही कळत नव्हतं. गुणवंत मुलं एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात गुलाब घेऊन रांगेत उभी होती, नमस्कार करायला कोणालाच हात मोकळा नव्हता. वसूला एक प्रवासी बॅग मिळाली. "पुढील वाटचालीसाठी," असं निवेदक म्हणाला. ती बॅग माळ्यावर गेली आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिला बुरशी लागली.

मोफत जागा मिळालेल्या मुलींची नावं अध्यक्षांनी वाचली. वसूचं त्यात नव्हतं. एक नाव ओळखीचं होतं, आमच्याच बाजूच्या एका बागायतदाराच्या मुलीचं. त्यांनी मंडळाच्या लोकांना राहत्या घरी नेलंच नव्हतं. बागेतल्या मांगरात नेलं होतं, जिथे त्यांचा राखणदार राहतो. शेणाने सारवलेली जमीन, एक कंदील, कोपऱ्यात पाण्याची कळशी. म्हणे मुलीच्या आईने पाहुण्यांना गुळपाणी दिलं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या कुटुंबाचा तेव्हा संताप आला होता. आता थोडं कौतुक वाटतं. पैसेवाल्याला गरिबी हे दुसरं घर असतं, हवं तेव्हा कुलूप काढून दाखवता येतं. गरिबाला दाखवायला दुसरं काही नसतंच. ज्याला दोन्ही जमत नाही, तो मधला. अवघड अंग झाकायला त्याच्याकडे पुरेसं कापड नसतं आणि उघडं टाकायची त्याला हिंमत नसते.

"समाजातल्या सुस्थितीतल्या मध्यमवर्गीयांनी," अध्यक्ष बाबांच्या दिशेने हात करत म्हणाले, "आता घेणाऱ्याच्या नव्हे, देणाऱ्याच्या भूमिकेत यायला हवं." टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या. आणि कार्यक्रम संपल्यावर चिटणीस पावतीपुस्तक घेऊन आले, तेव्हा माझ्या वडिलांनी मंडळाचं आजीव सभासदत्व घेतलं.

यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मी वर्गात सांगितलं असतं तर मुलांना विनोद वाटला असता. ज्या मंडळाने त्यांच्या मुलीला जागा नाकारली त्याला वर्गणी देताना त्यांचा चेहरा उजळला होता. चारचौघांत त्यांना सुस्थितीतला म्हटलं गेलं होतं. इतकी वर्षं जे ते एकटेच म्हणत होते, त्याला पहिल्यांदाच व्यासपीठावरून दुजोरा मिळाला होता. त्याची किंमत वसूने भरली, हे त्यांना दिसलं असणार. पण दिसणं आणि मान्य करणं यांच्यात त्यांनी आयुष्यभर एक पडदा ठेवला होता, तसाच तिथेही होता.

वसू इथेच शिकली. आता एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी परीक्षानळ्या मांडते आणि तास संपला की धुऊन ठेवते. तिने कोणाला कधी काही ऐकवलं नाही. आई गेली त्या वर्षी एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "मला जागा गेल्याचं एवढं नाही रे. त्या बाई म्हणाल्या घर छान ठेवलंय, आणि आई किती खूश झाली. ते आठवतं." बस, एवढंच.

फक्त एक झालं. तिच्या घरी पाहुण्यांची म्हणून वस्तू नाही. कोणीही आलं तरी स्टीलच्या पेल्यात चहा, दोरीवरचे कपडे दोरीवर, रंग उडालेली भिंत समोर. बाबा आता ऐंशीकडे झुकलेत. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना त्यांना झेपत नाही, म्हणून ते वसूकडे राहतात. या घराच्या अघळपघळपणाचा त्यांना फार त्रास होतो. "पडदा तरी ओढ गो," ते आतून म्हणत राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे उत्तराची अपेक्षा नसते.

यंदा वसूची मुलगी मुक्ता बारावी झाली. तिला मुंबईला संख्याशास्त्र शिकायचं आहे. प्रवेशाची काळजी नाही. राहण्याची आहे. मंडळ तेच आहे, वसतिगृह तेच आहे, फक्त आता मजला वाढला आहे. गेल्या रविवारी गृहभेट होती. वसूचा निरोप होता, "दादा, तू ये. तू नुसता बस."

मी गेलो तेव्हा दोन पक्ष पडलेले होते. वसूचा नवरा संजय एका गोदामात नोकरी करतो, व्यवहारी माणूस आहे. तो म्हणत होता, "दोन तास फ्रिज शेजारी ठेवूया. कोणाचं काय जातं? हल्ली सगळे ठेवतात. कोपऱ्यावरच्यांनी तर टीव्ही उतरवून भिंतीवर देवाचं कॅलेंडर लावलं होतं." आणि आतून बाबा म्हणत होते, "चादर बदलली का? चांगले कप काढा. माणसं मुंबईहून येतायत."

"आजोबा, आपल्याकडे चांगले कपच नाहीत," मुक्ता त्यांच्या कानाशी ओरडली.

"मग शेजारून आण."

मुक्ता हसली. वसू हसली नाही. तिने फ्रिज हलवू दिला नाही आणि चादरही बदलली नाही. केस विंचरले आणि दार उघडं टाकून बसली.

या वेळी एक मध्यमवयीन बाई आल्या, वसतिगृहाचं काम त्याच बघत होत्या, आणि बरोबर एक तरुण, घराचे फोटो काढायला. त्याने फ्रिजचा काढला, भिंतीचा काढला, दोरीवरच्या कपड्यांचाही काढला. बाई पाणी प्यायल्या, मुक्ताशी दोन शब्द बोलल्या, आणि मग तोच प्रश्न आला. इतक्या वर्षांत मंडळाने प्रश्न बदललेला नव्हता. "तुमची अडचण काय आहे?"

"मुलीला मुंबईत ठेवायची आमची ऐपत नाही," वसू म्हणाली. "जागा मिळाली तर ती जाईल. नाही मिळाली तर नाही जाणार."

तिचा आवाज चढला नव्हता, पडलाही नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिने सांगितलं. संजय जमिनीकडे बघायला लागला. आमच्या घराण्यात हे वाक्य याआधी कोणी उच्चारलेलं नव्हतं, आणि ते इतकं लहान असेल अशी मलाही कल्पना नव्हती.

त्या बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बरं झालं सरळ सांगितलंत," त्या म्हणाल्या. "लोक काय काय दाखवतात हो आम्हाला. कुणी लपवून ठेवतं, कुणी उसनं आणून ठेवतं. शेवटी आम्ही अंदाजच करतो." मग त्या तरुणाला म्हणाल्या, "फोटो पुरे." आणि वसूकडे वळून, "जागा आहे. निवड माझ्याकडेच असते. मुलीची तयारी करा."

त्या गेल्या. मुक्ता मैत्रिणीला सांगायला धावली. संजय पेढे आणायला निघाला, मग परत येऊन पिशवी घेऊन गेला. मला वाटलं होतं वसूला आनंद होईल. झालाही असेल. ती पलंगाच्या कडेवर बसली होती आणि समोरच्या खुर्चीकडे बघत होती, जिथे त्या बाई बसल्या होत्या.

"एवढंच होतं, दादा?" ती म्हणाली.

दोन भिंतींपलीकडून बाबांची हाक आली. आम्ही दोघं आत गेलो. ते उठून बसले होते, पाहुणे येणार म्हणून सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्यापर्यंत मात्र कोणी आलंच नव्हतं.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"गेले," वसू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली.

"काय सांगितलंस त्यांना?"

वसूने माझ्याकडे बघितलं नाही. ती खरं सांगेल असं मला वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं.

"सांगितलं, सगळं बरं चाललंय आमचं."

"आणि जागा?"

"दिली."

बाबांनी मान हलवली. सदऱ्याची घडी सारखी केली. त्यांच्या चेहऱ्यावर फार वर्षांनी समाधान दिसत होतं, आणि वसूच्या चेहऱ्याकडे बघण्याचं मला धैर्य झालं नाही.

"बघ," ते म्हणाले. "घरंदाज वागलं की माणसं देतात. तुझ्या वेळी तुमचंच काहीतरी चुकलं असणार."